राखीव कपाट

स्टीलचा पेला रांजणाच्या बुडाला खर्रकन घासला. उन्हानं गप्प पडलेल्या क्वार्टरमध्ये तेवढाच एक आवाज झाला आणि चांगुणाच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. चार वर्षांची गौतमी टाचा उंचावून, अर्धी रांजणात वाकून पाणी शोधत होती.

"पाणी नाही, आई. खाली नुसता गाळ हाय."

रांजण रिकामा, म्हणजे भामाबाई आली नव्हती. आणि भामाबाई आली नाही, असं दोन वर्षांत एकदाही झालं नव्हतं. सकाळी दवाखान्यात झाडू लागला नाही तेव्हा चांगुणाला वाटलं होतं, लेकाचं काही काम निघालं असेल, येईल दहापर्यंत. तिनं स्वतःच झाडून घेतलं, गौतमीला पाटी देऊन बाकावर बसवलं, आणि मग विसरून गेली. विसरावं एवढं कामही नव्हतं खरं तर. सकाळपासून दोनच पेशंट आले होते. एका साहेबांचा रक्तदाब बघायचा होता, दुसऱ्या साहेबांच्या सासूबाईंना ताकदीचं इंजेक्शन हवं होतं.

दवाखानाच तसा होता. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. जिल्हा झाला तसे साहेब आले, साहेबांमागून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून बंगले. गावाबाहेरच्या माळावर अधिकाऱ्यांची वसाहत उभी राहिली आणि तिच्या तोंडाशी चार खोल्यांचा हा दवाखाना. वरच्या दर्जाचे अधिकारी आणि त्यांचं कुटुंब, एवढ्यांसाठीच. प्रत्येक कुटुंबाला एक हिरवं कार्ड, कार्डावर घरातल्यांची नावं. नाव असेल त्याला औषध, नसेल त्यानं गावातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं. डॉक्टरांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्याच्या दारावर पांढऱ्या रंगानं 'राखीव' असं लिहिलेलं. आत वरच्या खणांत महागाची औषधं आणि खालच्या खणात सलाईनच्या सहा बाटल्या. किल्ली चांगुणाच्या कमरेला.

"शिस्टरबाई, ही किल्ली येक दिवस कमरंला मुळ्या धरंल बघा," भामाबाई म्हणायची.

भामाबाई हदगावकडची. जमीन होती, पण तीन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नाही तेव्हा लेकाबरोबर, व्यंकटीबरोबर, इकडं आली. व्यंकटी सरकारी कामावर खडी फोडायला जायचा. माय-लेक वसाहतीमागच्या झोपड्यांत राहायची. भामाबाईला दवाखान्यात रोजंदारीनं झाडलोटीला घेतलं होतं. झाडून झालं की ती गौतमीला सांभाळायची. चांगुणाचा नवरा निवृत्ती नायगावला शाळेत मास्तर. पंधरा दिवसांनी एकदा शनिवारच्या गाडीनं यायचा आणि रविवारी जायचा. मधले सगळे दिवस गौतमीचे केस विंचरायला, घास भरवायला आणि तिच्याशी भांडायला भामाबाईच होती. पहिल्या दिवशी चांगुणानं चहा केला तेव्हा कप पुढं करताना तिचा हात जरासा थांबला होता. असे कप न उचललेले तिनं पुष्कळ पाहिले होते. भामाबाईनं कप घेतला, बशीत ओतला, फुर्र करून प्याली आणि म्हणाली, "साखर कमी हाय. बामणाच्या घरच्यावाणी करू नगा." त्या दिवसापासून चांगुणाला तिच्यासमोर कसलाच संकोच उरला नव्हता.

दवाखान्याला टँकरचं पाणी होतं. भामाबाई रोज दोन हंडे उकळायची, फडक्यानं गाळायची. एक दवाखान्याला, दुसऱ्यातून चांगुणाचा रांजण. स्वतः मात्र तहान लागली की भर उन्हात झोपड्यांकडं जाऊन, तिथल्या विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन यायची. चांगुणानं एकदा विचारलं तर म्हणाली, "त्ये साहेब लोकाचं पाणी. लेकराची गोष्ट येगळी. म्या कशाला तोंड लावू?"

चांगुणाला तेव्हा बरं वाटलं होतं. बाई नेकीची आहे, असं वाटलं. 'पी' असं म्हणायचं मात्र तिला सुचलं नाही. पुढं कित्येक दुपारी ती हेच आठवत बसणार होती, की त्या दिवशी एक पेला भरून तिच्या हातात द्यायला किती वेळ लागला असता.

भाकरी झाकून ती उठली, तेवढ्यात दारात सावली पडली. व्यंकटी होता. पाठीवर आईला घेऊन आला होता, आणि धापा टाकत म्हणाला, "बाई, मायचं बघा जरा. पहाटंपासून जुलाब-उलट्या चालू हाय. पोटात घोट ठरंना गेलाय."

दवाखान्याच्या ओसरीतल्या बाकावर भामाबाईला निजवलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. चांगुणानं आठ वर्षं नोकरी केली होती. तिला दुसरं काही विचारावं लागलं नाही. डोळे आत गेलेले, ओठांना भेगा, पायात गोळे. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं, ते जसंच्या तसं बाहेर आलं. चांगुणानं तिचं कोपर सरळ केलं, वर दंडाला पट्टी आवळली आणि बोटानं चाचपलं. शीर होती. दोऱ्यासारखी बारीक, पण बोटाला लागत होती. आत्ता सुई घातली तर जाईल, एवढं तिला कळलं.

डॉक्टर शिवमूर्ती उदगीरला भाचीच्या लग्नाला गेले होते, जीपही त्यांच्याबरोबरच. तिनं गावातल्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तिथली गाडी कुठल्याशा खेड्यावर गेली होती, तिकडंही जुलाब-उलट्यांची साथ होती. आली की पाठवतो म्हणाले. मधे तीन मैलांचा माळ. पाण्याचा टँकर यायचा साडेचारला.

आणि ओसरीपासून वीस पावलांवर ते कपाट होतं.

तिचा हात कमरेला गेला नाही असं नाही. गेला. किल्ली उन्हानं तापल्यासारखी गरम लागली. पण किल्लीबरोबर तिला वही आठवली. सहा बाटल्यांचे सहा नंबर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेले, प्रत्येकीसमोर कार्डाच्या नंबराची जागा कोरी. आणि वहीबरोबर बाप आठवला. मारोती मुदखेडला रेल्वेच्या गँगमध्ये होता. जन्मभर रुळांचे बोल्ट आवळले आणि लेकीला नर्स केलं. नोकरीवर निघाली तेव्हा स्टेशनवर एवढंच म्हणाला होता, "बाई, दुसऱ्याच्या हातनं घागर सांडली तर पाय घसरला म्हणतेत. आपल्या हातनं थेंब सांडला तर जात काढतेत. नियम सोडू नको." ते काही खोटं नव्हतं. पहिल्या नोकरीच्या गावी कापसाचे दोन गठ्ठे कमी भरले होते, तेव्हा सगळ्यांत आधी तिच्याच पेटीचं कुलूप उघडायला लावलं होतं. गठ्ठे दोन दिवसांनी कपाटामागं सापडले. कुणी काही बोललं नाही. तिच्या पेटीतली लुगडी मात्र तिनं परत स्वतःच घड्या घालून ठेवली होती.

नियमाला एक पळवाट होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. बंगल्यातल्या बाईसाहेबांची चिठ्ठी. एखाद्या साहेबांचा स्वयंपाकी, ड्रायव्हरची बायको, गावाकडचा कोणी आला की बाईसाहेब दोन ओळी लिहून द्यायच्या, 'आमच्या घरचे आहेत', आणि खाली कार्डाचा नंबर. मग कोणी विचारत नसे. कागद असला की झालं.

तिनं व्यंकटीला चमचा हातात दिला, घोट घोट पाजत राहा म्हणून सांगितलं, गौतमीला त्याच्याजवळ बसवलं आणि तिसऱ्या बंगल्याकडं पळाली. तिथल्या महादेवी बाईसाहेब मायाळू होत्या. गौतमीला लाडू पाठवायच्या, चांगुणाला नावानं हाक मारायच्या. त्या नाही म्हणणार नाहीत, याची तिला खात्री होती.

बंगल्याच्या ओसरीत शिपाई शरणप्पा पेपरानं वारा घेत बसला होता. त्यानं बोट ओठांवर ठेवलं.

"निजल्यात. चारला उठतेत."

"शरणप्पा, पेशंट सिरियस हाय. चिठ्ठी पायजे."

"कोन हाय? वसाहतीतलं?"

"आमची भामाबाई."

शरणप्पानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर वाईटपणा नव्हता, नुसती सवय होती. "मागल्या महिन्यात तार आली म्हणून उठीवलं, तर साहेबांनी मला किती झापलं. दुपारी डोकं दुखतंय बाईसाबचं. बसा की. आलीच येळ."

चांगुणा पायरीवर बसली. तीन वाजायला पाच मिनिटं होती. आत कूलर घरघरत होता, वाळ्याचा गार वास दाराच्या फटीतून येत होता. दाराच्या चौकटीवर, तिच्या खांद्याच्या उंचीला, घंटीचं पांढरं बटण होतं. ती उठली, बोट बटणावर ठेवलं. नुसतं ठेवलं. शरणप्पा तिच्याकडं बघत होता. बोट काढून घेतलं आणि परत बसली.

मधे दोनदा ती दवाखान्यात जाऊन आली. पहिल्यांदा गेली तेव्हा भामाबाईनं डोळे उघडले. आवाज गेला होता, नुसता वारा येत होता. चांगुणानं कान तोंडाशी नेला.

"रांजण," भामाबाई म्हणाली. "लेकराचा रांजण भरला न्हाई."

"भरते मी. तुम्ही बोलू नका."

दुसऱ्यांदा गेली तेव्हा ती काही बोलली नाही. चांगुणानं कोपर चाचपलं. दोरा अजून होता, पण आता तो बोटाखालून निसटत होता. किल्ली कमरेला होती. वीस पावलं होती. व्यंकटी तिच्या तोंडाकडं आशेनं बघत होता; त्या कपाटात काय आहे हे त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हतं. चांगुणा त्याला म्हणाली, "आता उठतील. पंधरा मिनिटं." आणि परत पायरीवर येऊन बसली. आपण धावपळ करतो आहोत, असं त्या वेळी तिला खरंच वाटत होतं.

चारला पाच कमी असताना आत कूलर बंद झाला. महादेवी बाईसाहेब अंबाडा बांधत बाहेर आल्या, चांगुणाला पायरीवर बघून चकित झाल्या. सगळं ऐकून तर त्यांचा चेहराच उतरला.

"अगं, मग बेल नाही का वाजवायची? असं कसं केलंस तू? माणसापेक्षा झोप मोठी आहे का?"

त्यांनी उभ्याउभ्या, शरणप्पाच्या पेपराच्या कडेवरच लिहिलं. सुंदर, टपोरं अक्षर. 'भामाबाई, आमच्या घरच्या आहेत.' खाली नंबर, सही. कोपरा फाडून तिच्या हातात देताना म्हणाल्या, "धाव आता."

ती धावली. कपाट उघडलं, बाटली काढली, नळी जोडली, तिच्यातली हवा सोडली. सगळं दोन मिनिटांत झालं. दोनच मिनिटांचं काम होतं ते. मग तिनं भामाबाईचा हात घेतला आणि शीर शोधू लागली. डाव्या कोपरात नव्हती. उजव्या कोपरात नव्हती. मनगट, पंजाची पाठ, घोटा. चार ठिकाणी सुई घातली. रक्ताचा टिपूसही आला नाही. पाणी वर बाटलीत होतं, खाली माणूस होतं, आणि मधली वाट बंद झाली होती.

साडेचारला टँकर आला. ड्रायव्हर माणूस भला होता, पाणी न सोडताच त्यानं गाडी वळवली. व्यंकटी आईला मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसला, चांगुणा त्याच्या शेजारी. गौतमीला तिनं शरणप्पाकडं दिलं. टँकर भरलेला, गळका. मागं माळाच्या रस्त्यावर पाण्याची ओली रेघ उमटत चालली होती आणि वाळतही होती. गावाचा नाका दिसायला लागला तेव्हा व्यंकटी म्हणाला, "माय गार पडून राहिली, बाई." चांगुणानं नाडी धरली, आणि नाका गेल्यावरही सोडली नाही.

सोमवारी डॉक्टर आले. लग्नाचे पेढे होते. तिनं हकीकत सांगितली तसा त्यांनी डबा बाजूला ठेवला. शिवमूर्ती डॉक्टर मनाचे चांगले होते. म्हणाले, "चिठ्ठी कशाला हवी होती, सिस्टर? लावून टाकायचं. मी आल्यावर सही केली असती. कोण विचारतंय?"

चांगुणाकडं बोलण्यासारखं होतं खूप. तुम्हाला कोणी विचारत नाही, एवढं तरी म्हणता आलं असतं. पण ते शब्द तोंडाशी आले तेव्हा तिला जाणवलं, की ते खरे असूनही पुरत नाहीत. बापाचं म्हणणं खरं होतं, पेटी उघडायला लावली होती हेही खरं होतं. आणि दोरा बोटाला लागत होता, तेही तितकंच खरं होतं. डॉक्टरांनी वही ओढली, चिठ्ठीचा तो पेपराचा कोपरा टाचणीनं लावला, आणि पहिल्या बाटलीसमोर नंबर घातला. कागदावर भामाबाईला सलाईन मिळालं होतं. साहेबांच्या घरची म्हणून मिळालं होतं.

तिला कोणी बोल लावला नाही. उलट तेराव्याला व्यंकटी बुंदी घेऊन आला, द्रोण ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "तुमी लई पळापळ केली, बाई. सख्ख्याच्यानं व्हईना." निवृत्ती आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं, अगदी बटणावर ठेवलेल्या बोटापासून. तो तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, तू नियमानं वागलीस. त्याला तिची समजूत काढायची होती. ती मान खाली घालून गौतमीच्या फ्रॉकची उसवलेली शिवण बघत राहिली.

व्यंकटी पुढं पुण्याकडं कुठं तरी कामाला गेला. झाडलोटीला साखराबाई म्हणून दुसरी बाई आली. पहिल्याच दिवशी चांगुणानं उकळलेल्या पाण्याच्या हंड्यावर पेला उपडा घातला आणि तिला सांगितलं, तहान लागली की यातलंच प्यायचं, विचारायचं नाही. साखराबाईनं डोळे मोठे केले. "साहेब लोकाचं ना त्ये?" चांगुणा म्हणाली, "पाण्यावर नाव नसतं." आणि हे वाक्य तोंडातून किती सहज आलं, भामाबाईसमोर का आलं नाही, म्हणून दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना.

दुसरा उन्हाळा आला, तोही कोरडाच. वार्षिक तपासणीला अधिकारी ओळीनं येऊन गेले. सगळ्यांच्या तब्येती उत्तम निघाल्या. एका साहेबांना वजन कमी करायला सांगितलं, ते हसले. मग कपाटाची मोजदाद झाली. खालच्या खणातल्या पाच बाटल्यांची मुदत संपली होती. डॉक्टरांनी यादीवर सही केली आणि सांगितलं, मागं ओतून टाका, रिकाम्या बाटल्या मोजून ठेवा.

रविवार होता. चांगुणानं दवाखान्यामागं कुदळीनं लहानसा खड्डा केला. गौतमी आता पाच वर्षांची झाली होती, शाळेत जायची, आकडे वाचायची. एकेक बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून ती आणून देत होती, तान्ह्या बाळाला आणावं तशी.

"आई, हे लिंबाला घालू या. त्याची पानं बघ कशी झालीत."

"खारट असतं, बाळा. झाड जळून जाईल."

चांगुणानं पहिलीचं बूच काढलं आणि उलटी केली. पाणी खळखळ खाली आलं, स्वच्छ, काचेसारखं. खड्ड्यात साचलंसुद्धा नाही. माती इतकी तहानलेली होती की पडता पडताच पिऊन टाकत होती, आणि वर फक्त बारीक बारीक बुडबुडे फुटत होते. दुसरी. तिसरी. गौतमी उकिडवी बसून ते बुडबुडे बघत होती.

"ह्या कुणाच्या होत्या?"

"साहेब लोकांच्या."

"ते आजारी नाही पडले?"

"नाही."

गौतमीनं चौथी बाटली दिली, पाचवी मांडीवर धरून ठेवली. तिच्या डोक्यात काही तरी जुळत होतं; भामाआज्जीचं नाव ती अजून अधूनमधून काढायची, केस विंचरताना तर हमखास. तिनं बाटलीवर बोट फिरवलं, मग आईच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मग हळूच, आईनं रागावू नये म्हणून आधीच समजूत घातल्यासारखं, तिच्या कमरेच्या किल्लीला हात लावला.

"आई, आज्जी बाकावर निजली होती ना, तेव्हा तुला ही सापडत नव्हती का?"